सही नको, हिशेब मागा



3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, मीही वाटले. पण त्याच वर्षी आपल्या जिल्हा परिषद शाळांत काय चाललं होतं, यावर या संमेलनाच्या एकाही परिसंवादात अवाक्षर नाही. म्हणून मी तेच बोलणार आहे.

गणवेशाचंच घ्या. वर्षाला दोन गणवेश, त्यांचे 600 रुपये. हे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे, जवळपासचा शिंपी मुलांची मापं घ्यायचा. मग 'एक राज्य, एक गणवेश' म्हणत सरकारनं हे काम वर ओढून घेतलं. कापडाची खरेदी एकीकडे, शिलाई दुसरीकडे. 15 ऑगस्ट उलटला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नव्हते. पोचले त्यातले काही मुलांच्या अंगात शिरेनात. अखेर डिसेंबर 2024 मध्ये तो अधिकार समित्यांना परत द्यावा लागला. पालकांना यातलं काही कळत नाही, असं म्हणणाऱ्यांना मुलांनीच उघडं पाडलं.

ही समिती कुणाच्या मेहेरबानीवर चालत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याचं कलम 21 सांगतं की समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या जागांवर महिला हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, आलेल्या पैशाचा विनियोग तपासायचा आणि शाळेचा विकास आराखडा करायचा, ही तिची कामं. कलम 22 त्याहून पुढे जातं: त्या आराखड्याच्या आधारावरच सरकारनं योजना आखायच्या, अनुदान द्यायचं. म्हणजे मागणी गावातून वर जायची.

आणि होतं काय? आराखड्याचा छापील नमुना वरून येतो, रकाने भरले जातात. प्रोसिडिंगचं रजिस्टर अध्यक्षाच्या घरी सहीला जातं. समितीवर नाव बाईचं, बैठकीला नवरा. सकाळी अकराला बैठक ठेवायची, दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेल्या आईनं मजुरी बुडवून यावं अशी अपेक्षा करायची आणि ती आली नाही की शेरा मारायचा, 'पालक उदासीन'. दिवाळीनंतर बीडमधून कोयते घेऊन निघालेल्या ऊसतोड कुटुंबानं बैठकीला कुठून यायचं? कारखान्याच्या तळावर असलेल्या आईबापांचं मत फोनवरून घ्यावं, असं आपल्या कुठल्या अधिकाऱ्याला सुचलं?

मुख्याध्यापकांना मी दोष देणार नाही. पट 30 च्या आत असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 10 हजार रुपये. त्यात वीजबिल, खडू, स्वच्छता, दुरुस्ती. शिवाय पोर्टलवरची माहिती आणि फोटो रोजचे. असा माणूस समितीकडे सह्यांसाठीच बघणार. पण त्याला या कचाट्यातून सोडवणारी ताकदही समितीच आहे. शिक्षकाची जागा रिकामी का, हे त्यानं एकट्यानं विचारलं तर नोटीस येते. पालकांनी ठराव करून विचारलं तर गटशिक्षणाधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

'अडाणी पालक शाळा काय चालवणार,' हे वाक्य मी शिकलेल्यांच्या बैठकांत फार ऐकलं आणि प्रत्येक वेळी मला त्याचा संताप आला. 1917 मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या पालकांची पतवंडं आज समितीवर आहेत. दंड भरायला तो माणूस जबाबदार धरला गेला, मग हिशेब मागायलाच तो नालायक कसा?

आता आपल्याविषयी. मराठीच्या भवितव्यावर लिहिणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची मुलं-नातवंडं विनाअनुदानित इंग्रजी शाळांत आहेत. कलम 21 त्या शाळांना लागूच नाही. कायद्यानं खुरपणाऱ्या त्या आईला शाळेच्या कारभारात जी जागा दिली, ती तुम्हाला नाही. तिची जागा रिकामी पडत असताना मात्र आपण मंडपात भाषेसाठी गळे काढतो.

आणि मुळात शाळाच राहिली नाही तर समिती कसली? 2017 च्या अखेरीस कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करायचं ठरलं. 2023 मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला. गावातली शाळा गेली की ओढा ओलांडून जाणारी मुलगी आधी घरी बसते. एवढ्या मोठ्या निर्णयाआधी समितीची संमती घ्यायलाच हवी, अशी सक्ती कलम 21 मध्ये नाही. ती आणली पाहिजे.

म्हणून समारोपाच्या सत्रात मी संमेलनाध्यक्ष म्हणून ठराव मांडणार आहे: शाळा व्यवस्थापन समितीच्या लेखी संमतीशिवाय कोणतीही सरकारी शाळा बंद किंवा विलीन करू नये, समितीच्या बैठकीला आलेल्या मजूर पालकाला त्या दिवसाची मजुरी मिळावी, आणि आराखड्यातली कोणती मागणी का नाकारली, हे प्रशासनानं समितीला लेखी कळवावं. ठरावाला ज्यांचा विरोध आहे त्यांनी इथं येऊन बोलावं, मी वेळ राखून ठेवला आहे. ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी आपल्या गावच्या समितीची पुढची बैठक कधी आहे ते आजच विचारून घ्यावं, आणि तिथं हजर राहावं.