ओंडका, साखळी आणि लहान ट्रॅक्टर

श्रोतेहो, बैलगाडी उलार होणे म्हणजे काय, हे तुम्हांला समजावून सांगायला नको. मागे ओझे जास्त झाले की धुरा वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते, आणि गाडीवान चट्कन पुढे सरकून धुरेवर आपला भार टाकतो. त्याला एवढी सवड मिळते, कारण बैल बिचारे थबकतात. आज मी ज्या वाहनाविषयी बोलणार आहे, तेही असेच उलार होते. पण ते थबकत नाही.

पंधरा-वीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आता द्राक्षबागेपासून भातखाचरापर्यंत सगळीकडे पोचला आहे. बांधावरचा किंवा मालकीच्या रानातला साग तोडला, की ओंडका रस्त्यापर्यंत ओढून आणण्याचे कामही त्याच्याच गळ्यात पडते. (साग स्वतःच्या शेतातला असला तरी १९६४ च्या कायद्याप्रमाणे तोडायला परवानगी लागते, आणि माल हलवायला वाहतुकीचा परवाना, तो कागद आधी हाती घ्यावा.) पूर्वी या कामाला बैलजोड्या लागत. गडचिरोलीकडच्या मोठ्या जंगलात हत्ती लागत. कमलापूरच्या कॅम्पातले हत्ती तिकडे कुणालाही ठाऊक आहेत. हत्तीला ओंडका कुठे अडकला हे कळते. ट्रॅक्टरला कळत नाही. ते चालवणाऱ्याला कळावे लागते.

आधी ओंडक्याचे वजन पाहू. चार फूट घेराचा आणि बारा फूट लांबीचा ओंडका घ्या. आपल्याकडे घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. म्हणजे हा झाला बारा घनफूट. हा व्यापाऱ्याचा हिशेब बरं का. खरे लाकूड पंधरा घनफुटांहून थोडे अधिकच भरते. ओला साग धरला तर वजन ४०० किलोच्या आसपास जाईल. जमिनीवरून ओढायला वजनाच्या साधारण निम्मा जोर लागतो, म्हणजे २०० किलो. लहान ट्रॅक्टरला हे काहीच नाही. मग अपघात का होतात? कारण ओंडका नेहमी सरळ घसरत नाही. त्याचे नाक मातीत रुतते, खोडाच्या बुंध्याला अडते. त्या क्षणी ओंडक्याचे वजन किती, हा प्रश्नच उरत नाही. टायर जेवढी पकड देतील तेवढा सगळा जोर साखळीवर येतो, आणि साखळी ट्रॅक्टरला जिथे बांधली असेल तिथे तो ट्रॅक्टरला मागे खेचतो.

आता थोडे गणित. पाटी-पेन्सिल लागणार नाही. समजा, ट्रॅक्टर ९०० किलोचा आहे. त्यातले ३५० किलो पुढच्या चाकांवर आहेत आणि दोन्ही चाकांत दीड मीटर अंतर आहे. साडेतीनशेला दीडने गुणले की ५२५ येतात. ट्रॅक्टरचे तोंड खाली धरून ठेवणारी पुंजी ती एवढीच. साखळी जमिनीपासून एक मीटर उंचीवर अडकवली, तर ५२५ किलोची ओढ ती पुंजी संपवते, आणि कोरड्या घट्ट जमिनीवर मागचे टायर एवढी ओढ सहज देऊन जातात. तीच साखळी खाली, ड्रॉबारला, चाळीस सेंटीमीटर उंचीवर बांधली, तर तोंड उचलायला १,३०० किलोहून अधिक ओढ लागते. तेवढी पकड या टायरांना मिळत नाही. ते आधीच जागच्या जागी फिरू लागतात. चाक फिरले म्हणून चालवणारा चिडतो. खरे तर त्याने देवाचे आभार मानावेत!

मग कुणी साखळी वर का बांधतो? त्यालाही कारण आहे. वर बांधली की ओंडक्याचे नाक उचलले जाते आणि रुतत नाही. शिवाय नांगराच्या वरच्या दांड्याची पिन आयती समोर असते. या पिनेची एक गंमत आहे. तीन जागी अवजार जोडण्याची ही पद्धत हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने रूढ केली. १९३९ साली ती फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टरावर आली आणि पुढे जगभर पसरली. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर मागे उलटतो, हे त्या काळचे मोठे दुखणे होते. फर्ग्युसनच्या जोडणीत नांगर जमिनीत अडला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो आणि तोंड खाली दाबले जाते. त्याच पिनेला साखळी बांधली की ती पुढे रेटत नाही, मागे ओढते. म्हणजे उलटू नये म्हणून केलेली जागा आपण उलटण्यासाठी वापरतो.

आणि हे घडते किती वेळात? तोंड उचलल्यापासून परत येणे अशक्य होईपर्यंत सुमारे पाऊण सेकंद. डोळ्यांनी पाहायचे, मनाने ठरवायचे, पायाने क्लच दाबायचा, एवढ्यातच तो वेळ संपतो. ‘मी क्लचवर पाय ठेवूनच असतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पाय जरूर ठेवावा. भरवसा मात्र साखळीच्या जागेवर असावा.

नाक रुतते त्यावर उपाय आहेत. ओंडक्याच्या पुढच्या टोकाची कड कुऱ्हाडीने गोल तासावी. जाड बेचक्याचे लाकूड टोकाखाली घसरपाटासारखे बांधावे. नायलॉनचा दोर वापरू नये. तो ताणून तुटला की चाबकासारखा परत येतो. साखळी ताणलेली असताना तिच्या जवळ कुणी उभे राहू नये, पोरांनी तर नाहीच. एखादे चाक खड्ड्यात किंवा दगडामागे अडकले असेल तर जोर देऊ नये, कारण चाक फिरू शकले नाही की इंजिन ट्रॅक्टरलाच आसाभोवती फिरवते. तिथे खाली बांधलेली साखळीही वाचवील असे नाही. आधी खड्डा भरावा, नाहीतर साखळी सोडून ट्रॅक्टर मागे घ्यावा. चढावर तोंड आधीच हलके झालेले असते. तिथे ट्रॅक्टर चढवण्यापेक्षा तो वर सपाटीवर उभा करून लांब साखळीने ओंडका ओढावा. उतारावर उलटी भीती, मागचा ओंडका घसरत येऊन ट्रॅक्टरला गाठतो. उतार तीव्र असेल तर ते काम ट्रॅक्टरचे नव्हे.

स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना चालकाच्या रक्षणासाठी मजबूत लोखंडी चौकट सक्तीची झाली, आणि उलटून होणारे मृत्यू पुढच्या काळात फार कमी झाले. आपल्याकडे गावच्या वेल्डिंगच्या दुकानात उन्हासाठी जे छत बसवून घेतात, ते ही चौकट नव्हे. ते सावली देते, एवढेच. खरी चौकट असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर माणूस बाहेर फेकला जाऊन तिच्याचखाली सापडतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे सगळे वर्गात एका लाकडी खुर्चीवर दाखवता येते. बैठकीवर पुस्तकांची पिशवी ठेवा. मागच्या पायांना तळाशी दोरी बांधून मुलाला मागच्या दिशेने ओढायला सांगा. खुर्ची घसरत येईल. मग दोरी पाठीच्या वरच्या टोकाला बांधा, आणि पलीकडे दोन मुले धरायला उभी करा, कारण बहुधा ती कलंडेल. आता दोरी एकेक वीत खाली आणत न्या आणि घसरणे कुठल्या उंचीला सुरू होते ते पट्टीने मोजून फळ्यावर लिहा. शेवटी मागच्या पायांखाली ओले पोते घाला आणि तेच पुन्हा मोजा. पकड वाढली की कलंडण्याची उंची कमी होते, हे मुलांना दोन आकड्यांवरून दिसेल. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे अशा मुलांना दुसऱ्या दिवशी आपल्या ट्रॅक्टरचा ड्रॉबार जमिनीपासून किती उंच आहे आणि ती वरची पिन किती, हे मोजून आणायला सांगा.