कुंडीतला अरेका पाम

अरेका पाम हे मूळचे मादागास्कर बेटावरचे, बुंध्यापासून अनेक फुटवे देणारे ताडवर्गीय झाड. पिवळसर देठ आणि पिसासारखी कमानदार पाने ही त्याची खूण. जमिनीत ते पंधरा-वीस फुटांवर जाते. कुंडीत मात्र पाच-सहा फुटांत आवरते. म्हणूनच पिंपरी-चिंचवडच्या सदनिकांत आणि चाकणच्या कारखान्यांच्या स्वागतकक्षांत ते शोभून दिसते.

रोपे ताज्या बियांपासून होतात. उगवायला दोन-तीन महिने लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर मुळांसह फुटवे वेगळे करूनही लावता येतात. काळी चिकण माती कुंडीत पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. तांबडी माती, वाळू व कुजलेले शेणखत यांचे मिश्रण बरे. सकाळचे कोवळे ऊन मानवते, एप्रिल-मेमधले दुपारचे ऊन पाने करपवते. अंधाऱ्या कोपऱ्यातही ते फार काळ टिकत नाही. कार्यालयांत नेमके हेच विसरले जाते. पानांची टोके तपकिरी पडली, तर बहुधा बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा खताचा अतिरेक कारण असतो. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी लागतो; पाने पाण्याने धुतल्यास तो आटोक्यात राहतो. वरची इंचभर माती सुकल्यावरच पाणी घालावे, आणि मुळांनी कुंडी भरली की ती बदलावी.