करदात्याचा पैसा आणि कर व्यावसायिकाचा हात
(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढील व्याख्यानाचा संपादित भाग)



करांचे दर, सवलती आणि घटनादुरुस्त्यांचे क्रमांक आपण कसून पाठ करता. परंतु कराची रक्कम करदात्याकडून शासनाच्या तिजोरीत नेमकी कशी पोहोचते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. लहान व्यापाऱ्याच्या बाबतीत या वाटेवर बहुधा एक तिसरी व्यक्ती उभी असते. विवरणपत्र तयार करणारी आणि पुष्कळदा करही भरून देणारी ही व्यक्ती म्हणजे कर व्यावसायिक. आज तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

प्रत्यक्ष करांच्या क्षेत्रात २००४ मध्ये ‘ओल्टास’ ही ऑनलाइन कर लेखा प्रणाली आली. चार प्रतींच्या चलनाची जागा एका प्रतीच्या चलनाने घेतली. बँक शाखेचा सात अंकी संकेतांक, भरणा दिनांक आणि पाच अंकी अनुक्रमांक मिळून होणारा चलन ओळख क्रमांक हा भरण्याचा पुरावा ठरला. १ एप्रिल २००८ पासून कंपन्यांना आणि ज्यांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण बंधनकारक आहे अशा करदात्यांना आयकराचा इलेक्ट्रॉनिक भरणा सक्तीचा झाला. तत्पूर्वी, २००६ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या आयकर अधिनियमात कलम १३९-बी घालून कर विवरणपत्र तयार करणाऱ्यांच्या योजनेस आधार दिला होता. सुशिक्षित तरुणास काम आणि लहान करदात्यास साहाय्य, असा तिचा दुहेरी हेतू होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आयकराचा भरणा कोणाच्या बँक खात्यातून झाला, यापेक्षा चलनावर कोणाचा स्थायी खाते क्रमांक आहे, यास महत्त्व असते. त्यामुळे व्यावसायिक स्वतःच्या खात्यातून अशिलाचा कर भरू शकतो. सोय मोठी आहे. पण क्रमांकातील एक अक्षर चुकले तर रक्कम दुसऱ्याच्या नावे जमा होते आणि दुरुस्तीसाठी धावपळ करावी लागते.

वस्तू व सेवा कराची रचना याहून अधिक स्पष्ट आहे आणि परीक्षेच्या दृष्टीने अधिक उपयुक्तही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या केंद्रीय अधिनियमाच्या कलम ४८ मध्ये ‘जीएसटी प्रॅक्टिशनर’ची तरतूद आहे. नियम ८३ अन्वये त्याची नोंदणी होते; नमुना पीसीटी-०५ द्वारे करदाता त्यास अधिकार देतो. विवरणपत्र सादर करणे, तसेच इलेक्ट्रॉनिक रोख खातेवहीत रक्कम जमा करणे, ही कामे तो करू शकतो. मात्र त्याच कलमाचे तिसरे पोटकलम सांगते की, विवरणपत्रातील तपशिलाच्या अचूकतेची जबाबदारी नोंदणीकृत करदात्यावरच राहील. अधिकार सोपविता येतो, दायित्व सोपविता येत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ पाहा. एखाद्या व्यापाऱ्याने अठरा तारखेस ७३,००० रुपये आपल्या व्यावसायिकाच्या हाती दिले. विवरणपत्राची मुदत वीस तारखेची. व्यावसायिकाने ती रक्कम अन्यत्र गुंतवली आणि मुदतीनंतर वीस दिवसांनी भरली. वार्षिक १८ टक्के दराने व्याज होते ७२० रुपये. शासन ते व्यापाऱ्याकडूनच घेणार. विलंब शुल्क निराळेच. ‘मी तर वेळेवर पैसे दिले होते’ हे म्हणणे कायद्यापुढे टिकत नाही, कारण रक्कम प्राधिकृत बँकेतील शासनाच्या खात्यात जमा होते, तोच भरण्याचा दिनांक. उलट हीच रक्कम वीस तारखेपर्यंत रोख खातेवहीत पडून असती, तर २०२४ च्या नियमदुरुस्तीनुसार, पुढे विवरणपत्र भरताना तिच्यातून कर वळता केल्यास तेवढ्या रकमेवर व्याज लागले नसते. शिवाय कर भरलाच गेला नाही, तर कलम १६ मुळे त्या व्यापाऱ्याकडून माल घेणाऱ्याचे इनपुट टॅक्स क्रेडिटही धोक्यात येते. चूक एकाची, झळ तिघांना.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. पोर्टलवर चलन तयार करणे आणि पैसे भरणे ही दोन वेगळी कामे आहेत. व्यावसायिकाने चलन तयार करावे, त्यावर चौदा अंकी क्रमांक येतो. करदात्याने ते पंधरा दिवसांच्या आत आपल्याच खात्यातून भरावे. नेट बँकिंग नसेल तर बँकेत जाऊन एनईएफटी वा आरटीजीएसद्वारेही ते भरता येते. (बँकेच्या खिडकीवर रोख वा धनादेशाने भरण्यास सामान्यतः दहा हजार रुपयांची मर्यादा आहे.) भरणा होताच सतरा अंकी चलन ओळख क्रमांक मिळतो. आयकरातील याच नावाच्या क्रमांकाशी त्याची गल्लत करू नये. विद्यार्थी ती हमखास करतात. खात्यातून रक्कम गेली, पण क्रमांक आला नाही, तर पीएमटी-०७ या नमुन्यात तक्रार करता येते. एवढ्याने पैसा मध्यस्थाच्या खिशातून जाण्याची गरजच उरत नाही.

माझ्या मते खरी अडचण पैशापेक्षा मोबाइल क्रमांकाची आहे. करदात्याच्या संमतीची खातरजमा ई-मेल वा लघुसंदेशाद्वारे करावी, असे नियमांनी योजले. पण नोंदणीच्या वेळीच व्यावसायिकाने स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल दिला असेल तर? संमती मागणारा आणि देणारा एकच होतो. हा कल्पनाविलास नव्हे. मध्यस्थांनी स्वतःचाच संपर्क तपशील नोंदविला आणि आता ते लॉगिनची माहितीही देत नाहीत, अशा तक्रारी येत असल्याचे २०१८ मध्ये अर्थ मंत्रालयानेच जाहीर केले. त्या वेळी सांगितलेला मार्ग असा: करदात्याने पुराव्याच्या कागदपत्रांसह आपल्या अधिकारक्षेत्रातील कर अधिकाऱ्याकडे जावे, अधिकारी ओळख पडताळून नवा ई-मेल आणि मोबाइल क्रमांक नोंदवितो, त्यावर तात्पुरता संकेतशब्द येतो आणि पहिल्याच प्रवेशाच्या वेळी करदात्याने तो बदलावयाचा असतो.