पुतळी मोडण्यापूर्वी
(गणेशोत्सवात केलेले भाषण)



रूळ आणि गिट्टीत रमणारा माणूस आज सोन्याच्या नाण्यांवर बोलणार म्हणून हसू नका. विषय आपल्या घरातलाच आहे.

आपल्या आजीच्या गळ्यातली पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे डकॅट नावाचे नाणे. १२८४ पासून ते पाडले जाई. वजन साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. व्यापारातून ते आपल्याकडे आले. पाच शतके नक्षी फारशी बदलली नाही, कारण बाजाराचा विश्वास ओळखीच्या नाण्यावर असतो. पुढे आपले सोनारही तशाच पुतळ्या घडवू लागले.

१६७४ साली राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन पाडला. त्यावर चित्र नाही, फक्त देवनागरी अक्षरे : 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति'. इथल्या जयपूर संस्थानने मात्र १८५७ पर्यंत नाण्यांवर मोगल बादशहाचेच नाव फारसीत ठेवले. आपली खूण म्हणून झाडाची डहाळी उमटवली. म्हणून ती नाणी 'झाडशाही'.

अमेरिकेत १९०७ साली शिल्पकार सेंट-गॉडन्स यांचे वीस डॉलरचे सुरेख नाणे निघाले. उठाव इतका, की एका ठोक्यात उमटेना आणि नाण्यांची चळत नीट राहीना. शेवटी उठाव कमी करावा लागला. १९३३ साली पाडलेली याच जातीची नाणी चलनात न आणता वितळवली गेली. त्यांतून वाचलेले एक २०२१ मध्ये एक कोटी ऐंशी लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले.

आमच्या आईच्या माळेत अठरा पुतळ्या होत्या. बहिणीच्या लग्नात सतरा मोडल्या. वजन झाले, मूस तापली, संपले. त्यांतली व्हेनिसची कोणती आणि इथली कोणती, हे कुणी पाहिलेच नाही. त्यात मीही होतो. उरलेल्या एकीवरची अक्षरे कडीच्या डाखाखाली बुजली आहेत.

म्हणून विनंती एवढीच. जुने नाणे चिंचेने घासू नका, नवी कडी डाखू नका. मोडण्याआधी वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, जाणकाराला दाखवा. आणि खोदकामात जुनी नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्यानुसार कलेक्टरांना कळवा.

सोने पुन्हा घेता येते. त्यावरची अक्षरे पुन्हा मिळत नाहीत.

गणपतीबाप्पा मोरया!