आजोबांचा फोटो आणि ठिपक्यांचा हिशेब
(गणेशोत्सवात जयेंद्रगंज, लश्कर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय संगणकाचा असला, तरी सुरुवात घरातल्या जुन्या ट्रंकेपासून करू. पुष्कळ घरांत आजोबांचा एकच फोटो असतो, तोही पासपोर्टएवढा. तो मोठा करून भिंतीवर लावायला जावे, तर चेहरा धुरकट येतो. असे का होते?

ठिपक्यांची रांगोळी आठवा. संगणकातले चित्रही ठिपक्यांचेच. प्रत्येक ठिपका एका रंगाचा. त्यालाच पिक्सेल म्हणतात. ठिपके तेवढेच ठेवून अंगणभर पसरले, तर रांगोळी मोठी होते, पण नक्षी वाढत नाही.

१९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात घेतला. त्यात १७६ गुणिले १७६, म्हणजे जेमतेम ३१ हजार ठिपके होते. डिजिटल छायाचित्रांची सुरुवातसुद्धा घरच्याच फोटोने झाली!

एका इंचात किती ठिपके बसतात, ती झाली घनता. १९२० गुणिले १०८० ठिपके साडेपाच इंची मोबाइलवर इंचाला सुमारे ४०० पडतात, ४३ इंची टीव्हीवर फक्त ५१. टीव्ही आपण दूर बसून पाहतो, म्हणून चालते. हातात धरून पाहायच्या छापील फोटोला मात्र इंचाला ३०० ठिपके असावेत, असा सर्वसाधारण हिशेब आहे.

आता आजोबांचा फोटो घेऊ. त्याची उंची साडेचार सेंटीमीटर, म्हणजे पावणेदोन इंच. ३०० वर स्कॅन केला, तर उंचीत सुमारे ५३० ठिपके मिळतील. तो आठ इंच उंच छापला, तर इंचाला ६६ उरतात. तोच १२०० वर स्कॅन केला, तर इंचाला सुमारे २६५ मिळतात. मात्र आधीच्या लहान फाइलवर नुसता ३०० चा आकडा टाकून काही साधत नाही. संगणक मधले ठिपके अंदाजाने भरतो, आणि अंदाजाने भरलेले डोळे आजोबांचे नसतात.

म्हणून तीन गोष्टी करा. फोटो मोठा करायचा असेल, तर स्कॅनही मोठ्या आकड्यावर करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एरवी ठिपके कमी होतात. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ फोटो टाकून देऊ नका. उद्या याहून चांगले यंत्र येईल.

शेवटचे म्हणजे, फोटोतली माणसे ओळखणारे घरात आहेत तोवर त्यांची नावे विचारून लिहून ठेवा. ती कुठलाही स्कॅनर सांगू शकणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!