नाईलचे धान्य आणि इतिहासात नोंदलेला पहिला संप

(बंगळूर येथील कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राचीन इजिप्त म्हटले की पिरॅमिड, ममी आणि फॅरोंचे सोन्याचे मुखवटे डोळ्यांपुढे उभे राहतात. हा इतिहास बहुधा राजघराण्यांची यादी म्हणूनच शिकवला जातो. परंतु राजा धान्य पिकवीत नाही आणि दगडही वाहत नाही. म्हणून आजच्या विवेचनाचा आरंभ आपण राजापासून न करता नाईलच्या गाळापासून करू.

इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस पडला की नाईलला पूर येई आणि ओसरताना तो काळा गाळ मागे ठेवी. यावरूनच तेथील लोक आपल्या देशाला ‘केमेत’, म्हणजे काळी भूमी, म्हणत. इ.स.पू. ५००० च्या सुमारास फायूमच्या परिसरात शेती सुरू झालेली होती. (हा वार्षिक पूर सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या व १९७० साली पूर्ण झालेल्या आस्वानच्या धरणाने अडवला.) पाण्याचे मोल बंगळूरच्या श्रोत्यांना सांगावयास नको. मोठी नदी नसलेले हे शहर केंपेगौडांच्या काळापासून माणसांनी खणलेल्या तळ्यांवर जगले. त्यांपैकी धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मॅजेस्टिकचे बसस्थानक उभे आहे. इजिप्तमध्ये निसर्ग अधिक उदार होता. तरीही बांध घालणे, चर काढणे, पुराचे पाणी शेतात अडवून धरणे ही कामे एकट्यादुकट्या कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हती. सामुदायिक श्रमातून पोटापुरत्याहून अधिक धान्य, म्हणजेच वरकड, निर्माण झाले.

हे वरकड कोणाच्या हाती गेले, याची साक्ष थडगी देतात. नकादा संस्कृतीच्या काळात बहुसंख्यांच्या साध्या खड्ड्यांशेजारी मूठभरांची प्रशस्त, मौल्यवान वस्तूंनी भरलेली थडगी दिसू लागतात. इ.स.पू. ३१०० च्या सुमारास नारमेर राजाच्या काळात उत्तर व दक्षिण इजिप्त एका सत्तेखाली आले. त्याच्या प्रसिद्ध शिलापट्टावर राजा शत्रूच्या डोक्यावर गदा उगारून उभा आहे. राज्यसंस्थेचे स्वरूप याहून स्पष्ट शब्दांत कोण सांगणार? अबायडॉस येथील एका थडग्यात, नारमेरच्याही आधीच्या काळातील, हाडांच्या व हस्तिदंताच्या चिमुकल्या चिठ्ठ्या सापडल्या. त्यांवर मालाचे आकडे आणि बहुधा गावांची नावे आहेत. इजिप्तमधील लेखनाचे हे सर्वांत जुने पुरावे काव्याचे नव्हेत, हिशेबाचे आहेत. पुढे राजदरबारी दरवर्षीच्या पुराची उंची आणि गुरांची मोजदाद नोंदली जाऊ लागली. गॉर्डन चाइल्ड यांनी ज्या स्थित्यंतराला ‘नागरी क्रांती’ म्हटले, त्याची ही दुसरी बाजू होय.

इ.स.पू. २५६० च्या सुमारास खुफूचा सुमारे १४६ मीटर उंचीचा पिरॅमिड पूर्ण झाला. एक लाख माणसे त्यासाठी पाळीपाळीने राबली, असे हिरोडोटसने दोन हजार वर्षांनंतर लिहिले. चाबकाखालच्या गुलामांचे चित्र चित्रपटांनी रूढ केले. परंतु १९९० नंतर गिझा येथे कामगारांची थडगी, वस्ती व पाव भाजण्याच्या भट्ट्या उजेडात आल्या. तेथील सांगाड्यांत नीट जुळलेली हाडेही आढळली. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली. तुरा येथील चुनखडीचे दगड नावेने गिझाला नेल्याच्या नोंदी तीत आहेत. तेव्हा हे कामगार साखळदंडांतील गुलाम नव्हते, हे मान्य करावे लागते. परंतु यावरून ते स्वतंत्र होते असा निष्कर्ष काढणेही चूक ठरेल. राज्याने बोलावले की जावे लागणे यालाच आपल्याकडे वेठ म्हणतात. पोटभर भाकरी मिळाल्याने वेठीची वेठ राहत नाही असे नव्हे.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, राजांची थडगी खोदणाऱ्या देर अल-मदिनाच्या कारागिरांचे वेतन थकले. वेतन म्हणजे गहू आणि सातू. उपाशी कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली, चौक्या ओलांडल्या आणि तिसऱ्या थुतमोसच्या मंदिरामागे ठाण मांडले. अधिकाऱ्यांनी आश्वासने दिली. कारागीर हलले नाहीत. अखेर थकलेले धान्य द्यावे लागले. पुढे पुन्हा वेतन थकले आणि पुन्हा काम बंद पडले. ही हकीकत इटलीत तुरीन येथील संग्रहालयात ठेवलेल्या पपायरसवर नोंदलेली आहे. इतिहासात नोंदलेला हा पहिला संप मानला जातो.

या संपाचा गौरव करताना एक गोष्ट विसरता कामा नये. कारागिरांनी मिळवलेले धान्य शेतकऱ्यांनी पिकवले होते. कारागिरांच्या वस्तीत लिहिता येणारे होते, म्हणून त्यांची तक्रार आपल्यापर्यंत पोचली. शेतात राबणाऱ्याचा असा पपायरस नाही. त्याची थकबाकी कोणी मोजली नाही.

हा प्रश्न आपल्याही शहराचा आहे. १९८०-८१ साली येथील सार्वजनिक उद्योगांतील संघटित कामगारांनी ७७ दिवस संप केला. एप्रिल २०१६ मध्ये तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार, बहुसंख्य स्त्रिया, रस्त्यावर उतरल्या, त्या भविष्यनिर्वाह निधी काढून घेण्यावर घातलेल्या निर्बंधांविरुद्ध. हा निधी म्हणजे त्यांचेच राखून ठेवलेले वेतन. केंद्र सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. मात्र संघटित कामगार, शिवणयंत्रावरील स्त्री, कंत्राटी मजूर आणि शेतमजूर जोवर आपापल्या धान्यापुरते वेगवेगळे लढतील, तोवर कोठाराची किल्ली जिथे आहे तिथेच राहील. देर अल-मदिनाच्या कारागिरांनी आपला वाटा मिळवला. कोठार कोणाचे, हा प्रश्न त्यांना विचारता आला नाही. तो विचारण्याची ऐतिहासिक जबाबदारी आपल्यावर आहे.