परसांतील दुभत्या शेळीचें घर

शेळीला गरिबाची गाय म्हणण्याचा प्रघात जुना आहे. परंतु गाईसाठीं जो हौसेनें गोठा उभारतो, तोच गृहस्थ शेळीसाठीं बहुधा कांहींच उभारीत नाहीं. पडवीच्या कोपऱ्यांत एक खुंट आणि डोक्यावर वळचण, एवढ्यावर तिची बोळवण होते. देशावर हें खपून जातें. आमच्या कशेडी घाटाच्या आसपास, महाड-पोलादपूरकडे, वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. येथें तें खपत नाहीं. शेळीला थंडी सोसते, ऊन सोसतें, एखाद्या वेळचा उपासही सोसतो. ओली जमीन मात्र सोसत नाहीं. आषाढांत ओल्या जागीं बसलेली शेळी आधीं खोकूं लागते, मग तिचे खूर कुजतात, आणि कांस सुजली म्हणजे दुधाचाही प्रश्न मिटला.

घरच्या लेंकरांपुरतें दूध मिळावें म्हणून लहान चणीची शेळी पाळावी, असें पुष्कळांच्या मनांत येतें. अशांनीं बारबरी जातीचें नांव ऐकलेलें असतें. ही आग्रा, मथुरा, इटावा या भागांतील शेळी. अंगानें ठेंगणी, कान आंखूड व ताठ, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. बांधून घातलेल्या चाऱ्यावर ती निमूट राहते, बहुधा जुळीं देते, आणि दिवसाला लिटरभराच्या आंतबाहेर दूध देते. मथुरेजवळ मखदूम येथें केंद्र सरकारची शेळी-संशोधन संस्था आहे, तेथें या जातीवर बरेंच काम झालें आहे. गुण थोर खरे. पण तिच्या मुलखांत आपल्या पावसाच्या चौथाईइतकाही पाऊस पडत नाहीं, हें विसरूं नये. उलट सिंधुदुर्गाकडील कोंकण कन्याळ ही जात पावसाला सरावलेली आहे, परंतु ती दुधापेक्षां मांसासाठींच अधिक पाळली जाते. जात कोणतीही घ्या; आधीं घर, मग शेळी, हा क्रम बदलूं नये.

आतां जागेविषयीं बोलतों, आणि या गोष्टीला थोडा अधिक वेळ देतों. आमच्याकडे घराच्या मागें लगेच डोंगर चढतो. गोठ्याला सपाटी हवी म्हणून माणूस पहार घेतो आणि उताराचा पाय चार-पांच हात खणून काढतो. माती फुकट, जागा फुकट, असें त्याला वाटतें. पण उताराचा पाय काढला म्हणजे वरच्या मातीचा आधारच गेला; पाऊस मुरून ती जड झाली कीं खालीं येण्यास तिला फार निमित्त लागत नाहीं. दिनांक २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें जें घडलें, तें या खोऱ्यांत कोणाला सांगावयास नको. तेथें सबंध डोंगर सुटला होता. ती गोष्ट निराळी आणि फार मोठी, शेळीच्या गोठ्याशीं तिचा संबंध नाहीं. परंतु ज्या मुलखांत डोंगर असे सुटतात, तेथें आपल्या हातानें घरामागची दरड सैल करूं नये, एवढें तरी आपण पाळावें.

यावर उपाय फार सोपा आहे. जमीन सपाट न करतां माच सपाट करावी. उतारावर खालच्या बाजूचे खांब लांब व वरच्या बाजूचे आंखूड घेतले, म्हणजे एक मूठ माती न काढतां तक्तपोशी समतल बसते. ही माच वरच्या बाजूलाही जमिनीपासून तीन फूट तरी उंच असावी, म्हणजे खालून खराटा फिरवितां येतो. माचेवर बांबूच्या किंवा लांकडाच्या पट्ट्या अर्ध्या इंचाच्या फटीनें ठोकाव्या. लेंड्या व मूत खालीं पडतात, आणि शेळीची बसण्याची जागा कोरडी राहते. फट याहून रुंद ठेवली तर करडाचा पाय अडकून मोडतो. करडांच्या कोपऱ्यांत गोणपाट अंथरावें व तें रोज वाळवावें.

प्रत्येक शेळीस दहा-बारा चौरस फूट जागा धरावी. चार शेळ्यांना आठ फूट लांब व सहा फूट रुंद माच पुरते. भिंती कारवीच्या कुडाच्या चालतात; खालीं तीन फूट बंद आणि वर जाळी. पुष्कळ लोक ऊब राहावी म्हणून सगळेंच बंद करतात. मग मुताची उग्र वाफ आंत कोंडते आणि शेळीचीं फुप्फुसें बिघडतात. झडीचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून तेवढ्याच बाजूला झांप लावावी. छपराची पागोळी भिंतीपासून तीन फूट दूर पडेल इतकें छप्पर पुढें काढावें. पत्र्यापेक्षां कौल बरें. पत्र्यावर पावसाचा जो गजर होतो, त्यानें नवी शेळी बुजते. बिबट्या आमच्याकडे नवखा नाहीं, तेव्हां दाराला अडसर आणि जाळीला जाड तार हवी.

बोकड दुभत्या शेळ्यांजवळ बांधूं नये. त्याचा दर्प दुधाला लागतो. दोन-चार शेळ्यांसाठीं बोकड पाळण्यांत अर्थही नाहीं. चारा जमिनीवर टाकला तर शेळी तो तुडवील, पण तोंड लावणार नाहीं. या बाबतींत ती आपणांपैकीं कित्येकांहून सोंवळी! फणस, उंबर, जांभूळ यांचे डहाळे तिच्या मानेच्या उंचीवर टांगावे. पावसाळ्यासाठीं वाल-कुळिथाचा भुसा आधींच माळ्यावर भरून ठेवावा. नुसत्या ओल्या पाल्यावर तिचें पोट फुगतें.

खांब चैत्रांत रोवावे, म्हणजे वैशाखापर्यंत लांकूड सुकतें. आंत्रविषाराची लस मे महिन्यांतच टोंचून घ्यावी, आणि पीपीआर रोगाची लस दिली आहे कीं नाहीं, हें विकणाराला विचारूनच शेळी घ्यावी. आणि नवी शेळी आणावयाची ती मृगाच्या तोंडावर नव्हे, कार्तिकांत आणावी. तेव्हां रानांत पाला असतो, हवा कोरडी असते, आणि पहिला पाऊस येण्यापूर्वीं माचेवर चढण्याउतरण्याची सवय होण्यास तिला सहा-सात महिने मिळतात.